चौथा आवाज

कुडतरीला खांडेपारकर सरांच्या क्लासात
एकच काँप्युटर होता,
आणि त्याच्या पोटात साउंड कार्ड नव्हतं.
म्हणून गुहेतला राक्षस यायचा तेव्हा
नुसतं टुक् टुक् टुर्र,
काडेपेटीत रातकिडा कोंडल्यासारखं.

इनास यायचा सोल्फाच्या तासावरून थेट,
काखेत व्हायोलिन.
मी तलवार चालवायचो,
तो उरलेलं वाजवायचा.
"हांगा आनीक कोण तरी आसा रे,"
म्हणायचा, कान पुढे करून.

काल रात्री, तीस वर्षांनी,
लॅपटॉपच्या आत तो काँप्युटर पुन्हा उभा केला.
कधीच नसलेलं कार्ड
कागदोपत्री त्यात बसवलं,
वाद्यांची नवी बँक जोडली,
घुमारा जरा उतरवला
(देवळासारखा घुमत होता).

राक्षस आला.
बासरी आली, मागून चेलो,
आणि सगळ्यांच्या खाली
फाइलमध्ये इतकी वर्षं निमूट बसलेलं
व्हायोलिन.
जवळजवळ इनासचंच.
फक्त तिसऱ्या वळणावर ते 'मी'वर चढतं,
इनास 'रे'वरच थांबायचा,
पायरी पुढे आहे हे ठाऊक असल्यासारखा.

मला राक्षसाने कधी खाल्लं
कळलं नाही.

तुकडा स्विंडनला पाठवला.
तिथे गोदामात त्याची रातपाळी,
व्हायोलिन इथेच, बहिणीच्या कपाटावर.
पहाटे फोन थरथरला:

"बरें आसा.
पूण तिसऱ्याक
तांची चूक जाल्या."