आवाज आहे तोवर

ब्लफ बंदरात वारा दाराला धडका देतोय.
हेमी आज बोटीवर गेला नाही.

ताटलीत कुमारा, इथलं रताळं,
वाफवलेलं, बोटाएवढं कापलेलं,
चिमटीत धरलं की विरघळणारं.

अनाहेरा ताठ बसलीय, सहा महिन्यांची.
मुठीत आवळते, कपाळाला फासते,
मग कधीतरी तोंड सापडतं.

आणि उबळ.
चेहरा लाल, डोळ्यांत पाणी.
वादळात दोर ओढणारे हेमीचे हात
त्याच्याच मांड्यांखाली दाबलेले.

मोराग नर्स म्हणाली होती,
खोकतेय, आवाज करतेय, तोवर थांब.
गप्प झाली, तर धाव.

म्हणून तो ऐकतो नुसता,
रात्रीच्या समुद्रात इंजिन ऐकावं तसा.

थू.
घास जमिनीवर. कुत्रा उठतो.
आणि राणीसरकारांचा हात
पुन्हा ताटलीकडे.