माशी

जीपमध्ये माझं काम एकच.
गाडी लुकमान चालवायचा,
दिवा शेटच्या मेव्हण्याच्या हातात,
मी मागच्या पत्र्यावर पाय फाकवून,
मांडीवर बंदूक.

भास्करशेट फेगड्यांनी पहिल्या दिवशीच
फैजपुरात जिनिंगच्या ओट्यावर बसवून सांगितलं होतं:
नळी आभाळाकडे, नाहीतर गाडीबाहेर.
माणसाकडे नाही. रिकामी असली तरी नाही.
रिकामी असं काही नसतं, मेहरबान.
काडतुसं माझ्या खिशात, बंदूक तुझ्याकडे,
दोघांची गाठ मी म्हणेन तेव्हा.
आणि ही माशी,
नळीच्या टोकावरचा ज्वारीएवढा लोखंडी दाणा,
हिला धक्का लागला तर समज
माझ्या डोळ्यात बोट गेलं.

म्हणून घरून गोधडी आणली.
बायकोची दोन जुनी लुगडी, मधे बापाचा फेटा,
तांबड्या दोऱ्याचे टाके.
नळीच्या तोंडाला चिंधी, फुफाटा आत जाऊ नये म्हणून.
सुकीचं कोरडं पात्र आलं
की मी बुड उचलून नुसत्या पायांवर तरंगायचो.
माझे दात दातांवर आपटायचे,
बंदूक झोपलेली.
माझी पोरं बैलगाडीत कशी बसायची
मला आठवत नाही.

फाल्गुनातली रात्र. लंगड्या आंब्याच्या अलीकडे
दिव्यात डोळे चमकले नाहीत,
समोरून एक कंदील हलला.
दोन पावरे, खांद्यावर खाट, खाटेवर बाई.
पोर आडवं आलं होतं.
पायीच निघाले होते सावद्याच्या दवाखान्याला.
मेव्हणा कुरकुरला.
शेट म्हणाले, घ्या रे तिला.
हे त्यांचं, म्हणून सांगतो.

पत्र्यावर बाई, उशाला लोखंडी पट्टी.
नवरा पायाशी, तिचे घोटे धरून.
पहिल्या खड्ड्याला तिचं डोकं आपटलं,
ओट्यावर नारळ ठेवावा तसा आवाज.
ती ओरडली नाही.
दुसऱ्या खड्ड्यालाही नाही.
पुढून शेट म्हणाले, "जपून, भो."
कुणाला ते कळलं नाही.
मी विचारलं नाही.

गोधडी सोडली,
चौपदरी करून तिच्या डोक्याखाली सरकवली.
बंदूक उघडी, एका हातात.
सुकीच्या उतारावर
टण्ण.
एकदाच. नळी पट्टीला.
शेटनी मान वळवली नाही.

दवाखान्याच्या पायऱ्यांवरच झाली ती. मुलगी.
गोधडी परत मिळाली, ओली.
घरी म्हटलं, भेकराचं रक्त.
बायकोनं हुंगलं,
आणि काही न बोलता राखेत भिजवली.

सकाळी उजेडात माशीवर अंगठा फिरवला.
सरळ वाटली.
असेल केसभर इकडेतिकडे.
लोखंडात केस केवढा असतो?

चैत्रात डोहावर वाघ, साठ पावलांवर.
शेटचा नेम अख्ख्या तालुक्याला ठाऊक.
बार झाला,
खडकातून ठिणगी उडाली.
वाघानं आमच्याकडे पाहिलं
आणि चालत गेला. धावला नाही.
शेट बराच वेळ दस्ता खांद्याला लावून तसेच.
मग चष्मा काढला, सदऱ्याला पुसला.
"डोळे गेले रे, मेहरबान."

जळगावहून नवा चष्मा आणला.
नव्या चष्म्यातून सांबर हुकलं.
दोनदा माझ्या तोंडाशी आलं होतं;
एकदा तर कळण्याची भाकरी मोडता मोडता
ते स्वतःच म्हणाले, बोल ना काय ते.
मी म्हटलं, ठेचा तिखट झालाय.

दिवाळीआधी बंदूक भुसावळच्या माणसानं घेतली.
पोचवायलाही मीच, मांडीवर,
नळी बाहेर, तोंडाला चिंधी.
त्यानं ती घेतली, उलटीपालटी केली,
गोधडी माझ्याकडे फेकली.

परतताना मांडी हलकी.
खड्डा आला, मी उडालो,
डोकं पट्टीला लागलं.
लुकमाननं आरशातून पाहिलं.
मी गोधडी घडी करून शेजारी ठेवली होती.
तिथंच राहू दिली.