मातोझिन्यूश, तिसरा आठवडा

डावी नाकपुडी, उजवा हात.
टोक कानाच्या दिशेला, मधल्या पडद्यावर नको;
डॉक्टरीणबाईंनी तीनदा करून दाखवलं.
बेनेदिता मान खाली घालते, डोळे गच्च मिटते,
पुलावरून नदीत उडी मारणाऱ्या पोरांसारखी.

स्टेरॉइड म्हटल्यावर इदालिना गप्प झाली होती.
तिचा भाऊ वजनं उचलायचा. त्याचं पुढे काय झालं
ते आमच्या घरात कुणी बोलत नाही.
हे ते नव्हे गं, थेंबभर, नाकापुरतं,
असं मीच समजावलं, आणि तरीही
दाराच्या चौकटीवर पोरीच्या उंचीची रेघ मारून
खाली तारीख घातली.

पहिला आठवडा कोरडाच गेला.
दुसऱ्यात ती तोंड मिटून झोपली.
जागे आम्ही राहिलो,
एवढ्या शांततेची सवय नव्हती.

काल सार्डिनच्या कारखान्यातून आलो,
नेहमीसारखं उचललं तिला,
तर नाक मुरडून म्हणते,
"शी, बाबा! तुझ्या अंगाला मासळीचा वास येतो!"

सात वर्षं येतोय, बाळा.

इदालिना हसत सुटली.
मी हात धुवायला गेलो,
साबण जरा बेतानंच लावला.