लोणच्याचा दगड

नात्तो खाता येतो का, असं मला
या गावात अकरा वर्षांत
निदान दोनशे जणांनी विचारलं असेल.
पोस्टातल्या माणसानं, किल्ली देताना घरमालकानं,
आणि दंतवैद्यानं, माझ्या तोंडात त्याचे दोन्ही हात असताना.
पहिल्या वर्षी मी खरं काय ते सांगायचो.
मग नुसतं हो म्हणायला लागलो,
आणि ते कधीतरी खरंच झालं,
कुठल्या सकाळी, ते लक्षात नाही.

भाताचंही तसंच.
मीठ नाही, फोडणी नाही, तूप तर नाहीच.
आजाऱ्याला द्यायचा गुरगुट्या भात
हे लोक धडधाकटपणी का खातात, कळेना.
आता ऑक्टोबरात नवा तांदूळ आला
की कुकरचं झाकण उघडून
मी मिनिटभर वाफेत तोंड धरून उभा राहतो.
कुणी पाहत नाही ना, ते बघून.

नदीकाठच्या या गावात हिवाळ्यात
वळचणीला सॅमन टांगतात.
शेपटीला दोरी, डोकं खाली,
समुद्रावरचा वारा त्यांना दिवसेंदिवस चघळत राहतो.
पोट सलग चिरत नाहीत,
मध्ये चार बोटं कातडी जोडलेली ठेवतात.
शेजारच्या इगाराशीबाई म्हणाल्या,
हे सामुराईंचं गाव,
इथे मासासुद्धा पोट फाडून घेत नाही.
हसल्या. लगेच तोंडावर हात.

त्याच बाई.
मी एकदा चुकीच्या वारी चुकीची पिशवी ठेवली होती.
दिवसभर ती लाल चिठ्ठी मिरवत चौकात एकटी,
संध्याकाळी गायब.
मला वाटलं, गावानं पदरात घेतलं.
तीन आठवड्यांनी मागच्या दारी पाहिलं तर
बाई माझे दह्याचे डबे विसळत होत्या,
नखानं एकेक लेबल सोलत.
त्या काही बोलल्या नाहीत. मीही नाही.
इथे कुणी रागावत नाही.
या देशातली ही सगळ्यात चांगली गोष्ट,
आणि काही रात्री सगळ्यात वाईट.

गेल्या मार्चात त्यांचा मुलगा सायतामाहून गाडी घेऊन आला.
बाई कापडात काहीतरी गुंडाळून माझ्या दारात.
दगड.
अडीच-तीन किलोचा, नदीतला, करडा,
एका अंगाला मिठानं पांढरा पडलेला.
सासूबाईंचा होता, म्हणाल्या,
सहाव्या मजल्यावर याला कुठे ठेवू,
उगाच तुम्हाला ओझं, माफ करा.
माझ्या भाषेत दगड म्हणजे शिवी,
पाढे न येणाऱ्या पोराला मारलेली हाक.
मी तो दोन्ही हातांनी घेतला,
इथे व्हिजिटिंग कार्डसुद्धा तसंच घेतात.
मीठ किती, दिवस किती, विचारायचं राहून गेलं.
गाडी वळताना काच खाली करून एवढंच म्हणाल्या,
पाणी वर आलं की कळेल.

नोव्हेंबरात लाल सलगम आणले,
पिंपात थर लावले, मीठ अंदाजानं,
वर झाकण, झाकणावर तो.
दोन दिवस काहीच नाही.
रात्री उठून बॅटरी मारून बघायचो,
एखाद्या बाळंतिणीच्या खोलीत डोकावावं तसं.
तिसऱ्या दिवशी दगडाच्या कडेनं
गुलाबी पाणी चढलेलं,
आणि मी भर थंडीत अनवाणी,
सांगायला कुणी नाही.

बाईंच्या घरात आता खोआ राहतो,
व्हिएतनामचा, वीस-बावीसचा,
मासळीच्या कारखान्यात रात्रपाळी करतो.
कचऱ्याच्या पिंजऱ्यापाशी भेटला तेव्हा
माझ्याच तोंडून ऐकलं मी:
नात्तो खाता येतो का?
त्यानं नाक मुरडलं.
मला इतकं बरं वाटलं
की त्याला घरात बोलावून
बशीत चार फोडी दिल्या.

एक खाल्ली.
डोळे बारीक केले, पाणी मागितलं.
खारट आहे, म्हणाला,
फार खारट.

अकरा वर्षांत इथे मला
असं तोंडावर कुणी काही सांगितलं नव्हतं.