सहा लाख एक्याण्णव हजार दोनशे

पारोळ्याच्या नगरपरिषदेत
जन्म-मृत्यूच्या खिडकीमागे एक खोली आहे.
पंखा आहे, वीज असली तर.
तिथे बसून मी कंत्राटावर
गावाचं संकेतस्थळ सांभाळते.
म्हणजे आज कोणत्या प्रभागात पाणी, एवढंच.
बाकीची पानं कोणी उघडत नाही.

पहिल्या दिवशी सेटिंगची फाइल उघडली.
ही कुणाला दिसत नाही.
दिसतं ते सगळं हिच्या जिवावर.

माझ्याआधी हिलाल बोरसे होते,
आता सुरतेला असतात, उधन्याला, मुलाकडे.
त्यांनी जागोजाग दोन तिरप्या रेघा मारून
काही काही लिहून ठेवलंय.
दोन तिरप्या रेघांच्या पुढचं यंत्र वाचत नाही.
त्यामुळे तिथे मोकळं बोलता येतं.

// हाई बदलू नका. मंग माले रातले फोन येस.
// साहेबले निळा रंग पाहिजे व्हता. दिधा.
// हाई कसं चाली राहिनं माले बी माहीत नही.

डिफॉल्ट भाषा: मराठी.
यादी खाली ओढत गेले, आइसलँडची सुद्धा आहे.
अहिराणी नाही. ती रेघांमागेच.

एका ओळीशी मात्र थांबले.
कॅशेची मुदत: 691200.
किती सेकंदांनी पान ताजं करायचं, तो आकडा.
कोणी साठ लिहितं, कोणी तीनशे, फार तर तासाचे छत्तीसशे.
मोबाइलवर भागत गेले. साठने. साठने. चोवीसने.
उरले आठ.

शेजारी टीप नव्हती.
आठव्या दिवशी नळ यायचा,
तोवर पान ताजं करून सांगायचं काय?

यंदा नवी टाकी झाली. आता तिसऱ्या दिवशी पाणी.
मी आकडा बदलला, 259200,
आणि शेवटचा अर्धविराम द्यायचा राहिला.

संकेतस्थळ गेलं. निळा रंग गेला, प्रभाग गेले,
पांढऱ्या पानावर एकच वाक्य,
कारण डीबग कोणी कधी बंदच केलं नव्हतं:
एरर, लाइन 214.

दहा मिनिटांत फोन.
"ताई, दोनशे चौदा नंबरनी लाइन कोठली? फुटनी का?"
दुसरा फोन. तिसऱ्यात मागून हंडे आदळल्याचा आवाज.
मग वॉलमन सुपडू स्वतःच आला,
खांद्यावर वॉलची लांब चावी, घामाने चिंब,
दारातूनच ओरडला,
"मी ते आज चावी फिराईच नही!"

त्याला पाणी दिलं. माठातलं.
दोनशे चौदा पुन्हा पुन्हा वाचली, ठीकठाक होती.
यंत्र बोट दाखवतं पुढच्या ओळीकडे,
चूक असते आधीच्या ओळीत.
दोनशे तेरावर तो अर्धविराम टेकवला,
हरभऱ्याच्या फोलाएवढा,
आणि गाव परत आलं. निळं.

संध्याकाळी हिलालभाऊंना फोन केला.
मागे लूम चालू होते, ओरडून बोलावं लागलं.
म्हटलं, भाऊ, आकडा बदलला, आठाचे तीन केले.
"तीन?"
मग बराच वेळ नुसते लूम.
"तीन व्हयनात? खरं सांगस का?"

जुनी ओळ पुसली नाही.
तिच्यापुढे दोन तिरप्या रेघा दिल्या,
आता यंत्र तिला ओलांडून जातं.
खाली माझी पहिली टीप लिहायला घेतली,
मराठीत लिहिली, खोडली,
आईला विचारून पुन्हा लिहिली:

// पह्यले आठ व्हतात. परत लागतीन ते आठेच शेतस.

डीबग बंद केलं.
लाइट केव्हाच गेलेली होती,
लॅपटॉप बॅटरीवर चालू आहे
हे मला पंख्याकडे पाहून कळलं.