चतकोर, नितकोर

शोना गेमेल आईच्या गोळ्या परत घेऊन आली
शॉर्टब्रेडच्या डब्यातून. पेझली, मंगळवार, दुकान मिटायला दहा मिनिटं.
"तुमचंच ना हे," म्हणाली,
आणि गाडी चुकीच्या जागी लावलीय म्हणून गेली.

टेमाझेपॅम, दहा मिलिग्रॅम.
'क' वर्ग, शेड्यूल तीन. कुलपात ठेवायचं,
चिठ्ठीवर संख्या आकड्यात आणि अक्षरी,
चेकवर लिहितात तशी: अठ्ठावीस फक्त.
एकोणीस वर्षं मीच मोजून दिल्या.

बेंझिनच्या कड्याला सात अणूंचं दुसरं कडं,
त्यात दोन नायट्रोजन. तिसऱ्या जागी एक हायड्रॉक्सिल,
डायझेपॅमकडे नसलेलं.
तेवढ्यासाठी यकृत हिला लवकर वाटेला लावतं.

दार ही स्वतः उघडत नाही, हे मी शिकाऊ पोरांना दरवर्षी सांगते.
दाराशी गाबा आधीच उभा असतो.
ही बिजागरीला तेल घालते फक्त,
मग दार पुन्हा पुन्हा उघडतं, क्लोराइड आत येतं,
पेशी म्हणते, पुरे, उद्या बघू.
रोजच्या तेलाची सवय लागते बिजागरीला.
एकदम तोडलं तर झटके.

डब्यात थर होते, मध्ये टिश्यू पेपर.
तळाशी नितकोर.
त्यावर चतकोर, त्यावर अर्ध्या,
आणि वर पाच पाकिटं, न फोडलेली.
भाकरीची ही मापं.
इंग्रजीत त्यांना काय म्हणतात, मला कधी विचारावं लागलं नव्हतं.

डॉक्टरला सांगितलं नाही. मलाही नाही.
दर अठ्ठावीस दिवसांनी यायची, सही करायची,
शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दल तक्रार करायची.
वर चाकू, खाली गोळी, चष्मा लावून,
ब्याऐंशी वर्षांची बाई, एकटी.
शेवटचे पाच महिने झोपली का,
की छताकडे बघत पडून राहिली,
ते डब्यात नाही.

साक्षीदार लागतोच असं नाही, तरी लेस्लीला बोलावलं.
गोळ्या बरणीत, वर पाणी, झाकण, हलवायचं.
मिश्रण घट्ट होत जातं.
लेस्ली हलवते, पण बघत नाही.
या औषधाच्या मऊ कॅप्सूल मिळत तेव्हा
तिचा भाऊ त्या वितळवून टोचायचा.
"जेली," ती म्हणते. एवढंच.

वहीत लिहिलं: अख्ख्या, एकशे चाळीस.
तुकड्यांना रकाना नाही.
समासात देवनागरीत लिहिलं,
चतकोर, नितकोर.
तपासनीस विचारेल तेव्हा बघू.