विशेष काही नाही

समिती गेली होती दुसऱ्याच कुठल्या चौकशीला.
बर्न. अर्धा दिवस. मध्ये कॉफी.
साहेबांनी कायदा दाखवला, तक्ता दाखवला,
खुर्च्या पुढे सरकवल्या.
सगळे बसले.
फ्लुरिन देप्लाझेस तेवढा उभा राहिला.
आता खासदार; त्याआधी तीस वर्षं डोंगरात चीज केलेलं.
चक्का आतून पोकळ झालाय का
हे तो बोटाच्या पेरानं वाजवून सांगतो.
त्यानं भिंतीलगतचं कपाट वाजवलं.
"यात काय?"
"जुने कागद."
"मग कुलूप नवं कसं?"

एवढंच.
आमच्या संसदेनं चाळीस वर्षांत विचारलेला
पहिला नीट प्रश्न.

कपाटामागे कपाट निघालं, त्यामागे खोली,
खोलीत आम्ही:
आडनावांच्या क्रमानं, उभे, दाटीवाटीनं,
एरवी ट्राममध्येसुद्धा
शेजारची जागा रिकामी सोडणारे लोक.

मीही अर्ज केला. अकरा महिन्यांनी पाकीट आलं.
झेरॉक्स, तीन पानं.
"रुएगसेगर, मार्ग्रिट. बील. घड्याळांच्या तबकड्या रंगवते."
हे खरं आहे.
"गुरुवारी चौघी जमतात. पडदे ओढलेले. आकडे बोलतात. सांकेतिक?"
दोन सुलट, एक उलट, एक सोडून.
स्वेटर होता हो.
बाह्या शेवटी आखूडच झाल्या.
"ब्रनोहून डबा. जर्दाळूचा मुरंबा. तपासून पुन्हा बंद."
म्हणजे झाकण सैल होतं ते यामुळे,
आणि मी मावशीला लिहिलं होतं,
आता तुला साधा डबाही नीट लावता येत नाही.
तिला ते लागलं. पत्रं थांबली.
त्याचीही नोंद आहे:
"संपर्क तुटला. कारण अज्ञात."

मग तिसरं पान.
"१४ मे. ३.१०. तळ्याकाठी. सोबत मूल, निळी टोपी.
बदकांना पाव. ३.५० ला परत. विशेष काही नाही."

रेतो.
पुढच्या जानेवारीत तो गेला, सहा वर्षांचा.
निळ्या टोपीतला एकही फोटो आमच्याकडे नाही.
तो दिवस मी विसरले होते,
आईनं सहज विसरावा इतका साधा दिवस,
आणि कुणीतरी झाडाआड उभं राहून
चाळीस मिनिटं माझ्या मुलाकडे बघत होतं
मनगट वर करकरून,
कदाचित मीच रंगवलेल्या तबकडीवर वेळ वाचत.

आभार मानू?
घरफोडी व्हावी आणि वर्षांनी
चोराच्या खिशात आपलाच हरवलेला फोटो सापडावा,
घडी न मोडलेला.

सुनावणीला गेले. नवा कोट घातला होता, का कोण जाणे.
"लिहिणाऱ्याचं नाव काळं केलंय," मी म्हणाले. "ते हवंय."
सचिवांनी कलम वाचलं. सूत्रांचं संरक्षण.
"भांडायचं नाही मला. एक विचारायचंय फक्त.
त्या दिवशी तो हसला होता का?"
लांबलचक टेबल, नऊ माणसं,
अळीमिळी गुपचिळी.
देप्लाझेसनं लाकडावर पेर टेकवलं,
पण वाजवलं नाही.

रात्री ते पान दिव्यासमोर धरलं.
रंग खरवडण्यात माझा जन्म गेला,
एका रंगाखाली दुसरा सापडतोच.
झेरॉक्सच्या काळ्याखाली मात्र
नुसता कागद असतो.

आता समितीचा अहवाल निघतो दरवर्षी.
मागवला तर टपालानं येतो. मी मागवते.
"सर्व कपाटं पाहिली," असं त्यात असतं,
सही, शिक्का, तारीख.
मी समासात पेन्सिलीनं लिहिते,
वाजवली का?